मुक्काम मोगादोर

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, अटलांटिक महासागराच्या लाटा ज्याच्या तटबंदीवर अहोरात्र थडकत असतात त्या मोगादोर बंदरात, 1949 सालच्या उन्हाळ्यात नटांचा एक तांडा येऊन उतरला. मोरोक्को तेव्हा फ्रेंचांच्या अमलाखाली होता. तांड्यात आयरिश होते, इंग्रज होते, इटालियन होते. आणि या सर्वांचा म्होरक्या, चौतीस वर्षांचा धिप्पाड अमेरिकन नट ऑर्सन वेल्स, शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चा बोलपट काढण्याच्या ईर्ष्येने तेथे आला होता. नट आले, कॅमेरे आले, तटबंदी तर पावणेदोनशे वर्षे जागेवर उभीच होती. आले नाहीत ते कपडे. इटलीतल्या ज्या धनिकाने भांडवलाची हमी घेतली होती त्याचेच दिवाळे वाजल्यामुळे पोशाखांचे पेटारे रोमहून हललेच नाहीत, आणि व्हेनिसच्या उमरावांनी अंगावर काय घालावे हा प्रश्न, ज्या दिवशी चित्रण सुरू व्हायचे त्याच दिवशी, म्होरक्यापुढे येऊन उभा ठाकला.

नाटकात रॉडरिगोवर घाव पडतो तो रात्रीच्या अंधारात, भर रस्त्यावर. वेल्सने तो प्रसंग उचलून हमामखान्यात नेला. कारण हमामात माणसे कपडे घालून बसत नाहीत. गावच्या मासळीबाजाराच्या जागेत स्नानगृह उभे केले गेले, कमरेला आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून व्हेनिसचे सरदार वाफेत बसले, आणि तिकडे गावातले यहुदी शिंपी, कार्पाच्चो या जुन्या व्हेनिशियन चित्रकाराच्या चित्रांवरून, उरलेल्या प्रसंगांचे कपडे बेतू लागले. चिलखतांचा प्रश्नही स्थानिक मालानेच सुटला. सार्डिन मासळी डबाबंद करणे हा त्या किनाऱ्यावरचा मोठा धंदा. तिच्या डब्यांच्या पत्र्यातून ऑथेल्लोच्या सैन्याची चिलखते घडवली, असे वेल्स पुढे मोठ्या खुशीने सांगत असे.

फार वर्षांपूर्वी एका फिल्म सोसायटीच्या खेळात, अत्यंत झिजलेल्या प्रतीवरून, मी हा प्रसंग प्रथम पाहिला तेव्हा त्यामागची ही कथा मला मुळीच ठाऊक नव्हती. वाफेच्या पडद्यातून हलणारी उघडी शरीरे, तारा छेडल्याचा तुटक आवाज, इकडून तिकडे पळणारे रॉडरिगोचे ते पांढरे इवलेसे कुत्रे. मग लाकडी फळ्यांच्या फरशीखाली जीव मुठीत धरून दडलेला रॉडरिगो, आणि वर उभा राहून फळ्यांच्या फटींतून पुनःपुन्हा तलवार खुपसणारा इयागो. खाली कोण आहे हे त्याला नीटसे दिसतही नाही, आणि पाहण्याची त्याला गरजही वाटत नाही. रस्त्यावरच्या चकमकीत जो खून सैनिकी राहिला असता तो येथे किळसवाणा झाला, कारण वस्त्राबरोबर माणसाचा सारा बचावच गळून पडला होता. घरी येईपर्यंत मी मनाशी ठरवून टाकले होते, की दिग्दर्शकाने हा हमाम महिनोन् महिने चिंतन करून योजला असला पाहिजे. तो एका अडचणीच्या दिवशी सुचला हे पुढे वाचनात आले, तेव्हा माझ्या मनातला आदर कमी न होता उलट वाढला.

आपल्याकडच्या नाटक मंडळ्यांच्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना यात नवल वाटू नये. बैलगाडी वाटेत अडकली म्हणून राजाने उसन्या शेल्यावर दरबार भरवावा, सावकाराचा माणूस दाराशी बसलेला असताना आत तिसरी घंटा व्हावी, हे मालक-नटाच्या संसारातले नित्याचे प्रकार. वेल्सला हॉलिवुडने वाया घालवलेला प्रतिभावंत म्हणण्याची रीत पडली आहे; मला तो नेहमी चुकून चित्रपटाच्या जगात जन्माला आलेला फिरत्या कंपनीचा मालक वाटत आला आहे, आणि शेक्सपिअर त्याच्या हाती जिवंत राहिला तो याच कारणामुळे.

केनोशा या विस्कॉन्सिन संस्थानातल्या गावी 6 मे 1915 रोजी तो जन्मला. आई पियानोवादक, सुसंस्कृत. ती वारली तेव्हा मुलाचा नववा वाढदिवस होऊन चारच दिवस लोटले होते. वडील कल्पक यंत्रकार, पण मद्याच्या पूर्ण आहारी गेलेले. तेही 1930 च्या डिसेंबरात गेले. पोरक्या मुलाला आधार मिळाला तो इलिनॉयमधल्या वुडस्टॉक गावच्या टॉड शाळेत, आणि तिथल्या रॉजर हिल या शिक्षकात. शाळेला रंगमंच होता, छापखाना होता, आणि मुलांनी तो वापरावा असे वाटणारा हा शिक्षक होता. वेल्स तेथे नाटके बसवी, नेपथ्य रंगवी, मुख्य भूमिकाही अर्थातच स्वतःच करी. हिल आणि वेल्स यांचा स्नेह पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. वेल्सच्या आयुष्यातली इतकी दीर्घ मुदतीची दुसरी गोष्ट शेक्सपिअर हीच.

विद्यापीठात जाण्याऐवजी वारशाच्या थोड्या रकमेवर तो 1931 साली आयर्लंडला गेला. चित्रे काढीत, गाढवाच्या गाडीतून खेडोपाडी हिंडला, आणि पैसे संपत आले तेव्हा डब्लिनच्या गेट थिएटरच्या दारात जाऊन उभा राहिला. वय सोळा. आपण न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचे नामांकित नट असून सुटी घालवण्यासाठी आलो आहोत, अशी थाप त्याने मारली. ती ज्यांच्यापुढे मारली ते दोघे, हिल्टन एडवर्ड्स आणि मीहॉल मॅक लीयमोर, त्या नाट्यगृहाचे संस्थापक होते, आणि त्यांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. मौज अशी, की मॅक लीयमोर स्वतः आयर्लंडच्या कॉर्क परगण्याचा भूमिपुत्र म्हणून मिरवत असला तरी मुळात तो लंडनमध्ये अल्फ्रेड विल्मोर या नावाने वाढलेला इंग्रज होता, हे गुपित त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. एका बहुरूप्याने दुसऱ्या बहुरूप्याला ओळखले म्हणा. दोघांनी त्या पोराला ठेवून घेतले. ऑक्टोबर महिन्यात ‘ज्यू स्यूस’ या नाटकात उतारवयाच्या ड्यूकची भूमिका करून त्याने डब्लिनकरांच्या टाळ्या घेतल्या. पुढे ‘हॅम्लेट’मधले पिशाच्चही त्याच्या वाट्याला आले.

टाळ्यांवर पोट भरत नाही. इंग्लंडात काम करण्याचा परवाना मिळाला नाही. न्यूयॉर्कला डब्लिनच्या कीर्तीची कोणी दखल घेतली नाही. अखेर हिलने युक्ती काढली. शाळकरी मुलांना शेक्सपिअर वाचायला न लावता करून पाहायला लावणारी एक रंगावृत्ती दोघांनी सिद्ध करावी, प्रस्तावना हिलची, रंगसूचना आणि रेखाचित्रे वेल्सची. चित्रे काढण्याच्या निमित्ताने वेल्स 1933 साली मालवाहू जहाजातून ज्या देशी गेला तो देश मोरोक्को. ‘एव्हरीबडीज शेक्सपिअर’ हे पुस्तक 1934 साली टॉड शाळेच्या छापखान्यातून निघाले, त्यात ‘ज्युलियस सीझर’, ‘ट्वेल्फ्थ नाइट’ आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ ही तीन नाटके होती, आणि त्याचा कर्ता एकोणीस वर्षांचा होता. समासांतून तलवारी, मुकुट, जिने, मंचाचे आराखडे यांची नुसती गर्दी. पुढे जो माणूस आयुष्यभर शेक्सपिअरची संहिता बेमुर्वतपणे कापणार, उलटीपालटी करणार, त्याची कात्री या पुस्तकातच धारेला लागली.

त्याच सुमारास कॅथरिन कॉर्नेल या थोर अभिनेत्रीच्या फिरत्या कंपनीत त्याला नोकरी लागली, आणि ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधला मर्क्युशिओ करीत त्याने आगगाडीने अमेरिका पालथी घातली. खेळ न्यूयॉर्कला आला तेव्हा मात्र ती भूमिका काढून त्याच्याकडे टिबाल्टची दुय्यम भूमिका दिली गेली. अपमान खराच; पण त्याच टिबाल्टला पाहून जॉन हाउसमन नावाचा निर्माता भारावला, आणि 1936 साली मंदीच्या काळातल्या सरकारी नाट्ययोजनेच्या हार्लेममधील कृष्णवर्णीय शाखेत त्याने वेल्सला ‘मॅकबेथ’ बसवायला बोलावले.

त्या ‘मॅकबेथ’विषयी एक स्वतंत्र लेख लिहावा लागेल. स्कॉटलंड जाऊन हैतीसारखे बेट आले (ही कल्पना वेल्सच्या पत्नीची, व्हर्जिनियाची), चेटकिणींच्या जागी वूडू मांत्रिक आणि त्यांचे ढोल आले. शंभराहून अधिक नटसंचात व्यावसायिक नट थोडे, रोजंदारीसाठी नावे नोंदवलेले स्त्री-पुरुष फार. सरकारी तिजोरीतून जे मंजूर होत नसे ते वेल्स आपल्या रेडिओच्या मिळकतीतून, पदरमोड करून आणी. 14 एप्रिलला लाफायेट थिएटरचा पडदा उघडला तेव्हा बाहेरचा रस्ता गर्दीने तुंबून गेला होता. दिग्दर्शकाला एकवीस वर्षे पुरी व्हायला अजून तीन आठवडे होते. या प्रयोगाच्या अखेरच्या प्रसंगाची काही मिनिटे एका सरकारी वृत्तपटात शिल्लक आहेत. पाठीमागे ढोल, पुढे जंगल चालून येते आहे, आणि वेल्सचा तरुणपणातला शेक्सपिअर चित्रफितीवर उमटलेला दिसतो, जरी कॅमेरा त्याचा नव्हता.

यानंतरचे तपशील सर्वश्रुत आहेत: 1937 सालचा फॅसिस्ट गणवेशातला ‘सीझर’, मंगळावरच्या स्वारीचे ते रेडिओनाट्य, 1941 चा ‘सिटिझन केन’, आणि मग हॉलिवुडची मर्जी ज्या वेगाने बसली त्याहून अधिक वेगाने उडणे. शेक्सपिअरसाठी पैसे द्यायला मोठी चित्रसंस्था तयार होईना, तेव्हा काउबॉयांचे स्वस्त चित्रपट काढणाऱ्या रिपब्लिक कंपनीकडे तो गेला. ‘मॅकबेथ’ आधी सॉल्ट लेक सिटीला रंगभूमीवर खेळवून तालीम पक्की केली, संवाद अगोदर मुद्रित केले, आणि तेवीस दिवसांत चित्रण आटोपले. लगद्याच्या गुहा, ओल्या भिंती, भाड्याने आणलेले मुकुट. 1948 साली तो पडद्यावर आला तेव्हा स्कॉटिश उच्चारांवरून एवढी ओरड झाली की कंपनीने संवाद बदलून घेतले आणि चित्रपटही कापला. त्यातच लॉरेन्स ऑलिव्हिएचा देखणा, नीटनेटका ‘हॅम्लेट’ त्याच वर्षी आला आणि ऑस्कर घेऊन गेला. माझ्या मते वेल्सचा ‘मॅकबेथ’ फसलेलाच आहे. पण ऑलिव्हिएचा ‘हॅम्लेट’ मी आदराने पाहतो आणि विसरतो, आणि वेल्सच्या त्या गळक्या गुहा काही केल्या विसरता येत नाहीत.

तर पुन्हा मोगादोर. पैशाची व्यवस्था अशी होती, की व्यवस्था नव्हती. वेल्स दुसऱ्यांच्या चित्रपटांत भूमिका करी, मेहनताना घेई, परत येऊन नटांना गोळा करी आणि पैसे पुरेपर्यंत चित्रण करी. ते संपले की सगळे पुन्हा पांगत. ‘द थर्ड मॅन’मधला हॅरी लाइम, ‘प्रिन्स ऑफ फॉक्सेस’मधला सीझर बोर्जिया, ‘द ब्लॅक रोझ’मधला मंगोल सेनापती, या साऱ्यांनी आपापल्या परीने ऑथेल्लोचे बिऱ्हाड चालवले. मंगोल सेनापतीच्या अंगरख्याला आतून उंची फरचे अस्तर लावावे असा त्याने हट्ट धरला, आणि पडद्यावर न दिसणारे हे अस्तर कशाला हवे हे कोणालाच कळेना. पुढे तोच अंगरखा उलटा होऊन, फर बाहेर काढून, ‘ऑथेल्लो’त अवतरला. वेल्सच्या आख्यायिकांपैकी निम्म्या सावधपणेच घ्याव्या लागतात, पण ही खरी असावी असे मला फार वाटते.

इयागोच्या भूमिकेसाठी त्याने बोलावले ते मॅक लीयमोरला. ज्याने सोळा वर्षांच्या थापाड्याला पहिली संधी दिली, त्याला अठरा वर्षांनी चित्रपटातले पहिले मोठे काम त्या थापाड्याने दिले. एडवर्ड्सही डेस्डिमोनाच्या बापाच्या भूमिकेत दाखल झाला. या दिवसांची मॅक लीयमोरने लिहिलेली रोजनिशी 1952 साली पुस्तकरूपाने निघाली, आणि तिला त्याने इयागोच्याच तोंडचे, थैलीत पैसे घालण्याचा लकडा लावणारे, वाक्य शीर्षक म्हणून दिले. तारा येतात, तारांना उलट तारा जातात. हॉटेलांत मुक्काम पडतो, बिलाचे काय हे कोणी बोलत नाही. डेस्डिमोना बदलते, परत बदलते, आणि शेवटी सुझान क्लूतिए ही तरुण कॅनेडियन अभिनेत्री कायम होते. तिचा आवाजही पुढे बदलला. लंडनच्या रंगभूमीवर 1951 साली वेल्सने ‘ऑथेल्लो’ केला तेव्हा त्याच्यासमोर डेस्डिमोना झालेल्या गुड्रुन यूरचा आवाज चित्रपटातल्या डेस्डिमोनाला आहे.

जवळजवळ तीन वर्षे हे चालले, आणि त्यातून चित्रपटाची एक विलक्षण भूगोलविद्या तयार झाली. इयागो व्हेनिसजवळच्या तोर्चेल्लो बेटावरच्या चर्चच्या ओसरीतून पाऊल उचलतो आणि ते पाऊल टेकते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मझागान येथे पोर्तुगीजांनी बांधलेल्या भुयारी हौदात. रॉडरिगो कॅसिओला लाथ घालतो मझागानात, आणि कॅसिओचा ठोसा त्याला परत मिळतो इटलीतल्या ओर्व्हिएतोत. पाठमोरा किंवा डोक्यावरून टोपडे ओढलेला माणूस दिसला की तो नट नसून त्याचा बदली आहे असे खुशाल समजावे, असे वेल्सनेच सांगून ठेवले आहे. कारण ज्या दिवशी एक नट हाताशी असे त्या दिवशी दुसरा बहुधा भलत्याच देशात असे. एकाच खोलीतला संवाद दोन खंडांत आणि दोन वर्षांत विभागलेला. म्हणून चित्रपटात कोणतेही दृश्य फार काळ स्थिर राहत नाही, पात्रे एकमेकांकडे सलग पाहत नाहीत, जिने कोठे उतरतात याचा पत्ता लागत नाही. ज्याच्या पायाखालची जमीन एक माणूस कुजबुजून कुजबुजून काढून घेतो आहे अशा नायकाच्या कथेला याहून योग्य वास्तू कोणत्या श्रीमंत स्टुडिओने बांधून दिली असती? मझागानचा तो हौद एकदा पाहावा: खांबांची रांग, तळाशी पाण्याचा पातळ थर, छताच्या गोल छिद्रातून पडलेला एकच कवडसा, आणि त्या पाण्यात उलटी धावणारी माणसे.

दोष पुष्कळ आहेत. ओठ एक बोलतात आणि कानावर दुसरे पडते. काही वाक्ये लाटांच्या आवाजात बुडतात. हार्लेममध्ये काळ्या नटांचा ‘मॅकबेथ’ उभा करणाऱ्या माणसाने मूराची भूमिका स्वतःच्या तोंडाला रंग फासून करावी, हेही आज डोळ्यांना खुपल्यावाचून राहत नाही. पण डेस्डिमोनाच्या आणि ऑथेल्लोच्या प्रेतयात्रेने, तटावरून संथपणे सरकणाऱ्या त्या काळ्या आकृत्यांनी आणि पिंजऱ्यात घालून भिंतीवर वर वर ओढल्या जाणाऱ्या इयागोने चित्रपट सुरू होतो, तेव्हा या तक्रारी करण्याचे भान उरत नाही. आपल्या भाषेत शेक्सपिअर आला तोही ‘ऑथेल्लो’च्या वाटेने, महादेवशास्त्री कोल्हटकरांच्या 1867 सालच्या भाषांतरातून, आणि देवलांच्या ‘झुंझारराव’ने तो मराठी प्रेक्षकाच्या घरचा केला. त्या प्रेक्षकाच्या नातवंडांना हा पिंजरा परका वाटायचे कारण नाही.

कान येथे 1952 च्या महोत्सवात ‘ऑथेल्लो’ला सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले. चित्रपट कोणत्या देशाचा, असा प्रश्न तेथील दप्तराला पडला होता. भांडवल अनेक ठिकाणचे, नट अनेक देशांचे, म्होरक्या अमेरिकन पण अमेरिकेला नकोसा. अखेर मोरोक्कोच्या नावावर तो दाखल झाला. वादकांना मोरोक्कोचे राष्ट्रगीत येत नव्हते म्हणून त्यांनी काहीतरी पौर्वात्य ढंगाचे वाजवून वेळ मारून नेली, असे वेल्स हसत हसत सांगे. अमेरिकेत चित्रपट पोचायला 1955 उजाडले, आणि तेथे तो कोणी फारसा पाहिला नाही. मोगादोरचे नाव आता एस्सविरा झाले आहे, आणि समुद्राजवळच्या एका चौकाला वेल्सचे नाव आहे.

एवढे भोगल्यावर शहाणा माणूस थांबला असता. यानंतर बारा-पंधरा वर्षांनी, डब्लिन आणि बेलफास्टच्या रंगभूमीवर आधी खेळवून पाहिलेला फॉल्स्टाफ घेऊन तो स्पेनमध्ये गेला, आणि ‘ट्रेझर आयलंड’ काढून देतो असे निर्मात्याला कबूल करून त्याच्या पैशावर ‘चाइम्स अ‍ॅट मिडनाइट’ काढला. कार्डोना येथील दगडी चर्चमध्ये, ऐन थंडीत, राजा चौथा हेन्री झालेल्या जॉन गिलगुडच्या तोंडून शब्दांबरोबर वाफ बाहेर पडताना दिसते. मला तर ती वाफ म्हणजेच त्या म्हाताऱ्या राजाचा सारा अभिनय वाटतो. श्रूजबरीच्या लढाईला माणसे शे-दीडशे असतील. चिखल, धूर आणि कात्री यांच्या बळावर वेल्सने त्यांची सैन्ये केली. माझ्या मते शेक्सपिअरवर निघालेला सर्वोत्तम चित्रपट तो हाच, आणि याबाबतीत वाद घालण्याची माझी तयारी आहे.

मी मात्र वळून पाहतो ते 1978 सालच्या ‘फिल्मिंग ऑथेल्लो’ या माहितीपटाकडे, जो जर्मन दूरचित्रवाणीसाठी त्याने केला. वेल्स आता साठी ओलांडलेला, दाढी पांढरी, देह अवाढव्य. पुढ्यात चित्रफीत संकलनाचे यंत्र, आणि त्या यंत्राच्या पाठीवर थाप मारावी तसा वेल्सचा हात. एका प्रसंगात एडवर्ड्स आणि मॅक लीयमोर त्याच्यासह जेवणाच्या टेबलाशी बसले आहेत, ग्लास भरलेले आहेत, आणि तिघे म्हातारे मत्सर म्हणजे नेमके काय यावर, डब्लिनच्या दारात भेटल्यापासून तो वाद कधी थांबलाच नव्हता अशा तन्मयतेने, एकमेकांचे बोलणे तोडत भांडत आहेत. मग तो पुन्हा एकटा उरतो. इयागोही तोच, ऑथेल्लोही तोच, असे करीत पानेच्या पाने तोंडपाठ म्हणतो. आणि शेवटी, जवळजवळ ओशाळून, सांगतो की हा चित्रपट मागे वळून आठवण्याऐवजी तो अजून काढायचा असता तर किती बरे झाले असते.